संयोग की छेद? 'आणि' या शब्दावर विसंबू नका

संचांच्या धड्यात छेद म्हणजे 'आणि', संयोग म्हणजे 'किंवा' असं मुलांच्या वहीत लिहिलेलं असतं. पण बोलताना आपण 'आणि' दोन्हीकडे वापरतो, आणि गोंधळ तिथेच होतो.

गणपतीत भाचीला विचारलं, "मानाचे आणि तू पाहिलेले गणपती किती?"

"दोन." मग जरा थांबून, "मामा, का सात?"

चूक तिची नव्हती, माझा प्रश्नच मोघम होता. मग वहीत मांडलं. म हा मानाच्या गणपतींचा संच: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. प हा तिने पाहिलेल्यांचा: कसबा, तुळशीबाग, दगडूशेठ, मंडई. दोन्ही याद्यांत असलेले दोनच, कसबा नि तुळशीबाग. हा छेद, म ∩ प. संयोगात, म्हणजे म ∪ प मध्ये, यायला कुठल्याही एका यादीत नाव असलं तरी पुरतं. पाच नि चार नऊ होतात खरे, पण ते दोघे दोनदा मोजले गेले. एकदा वजा केले की सात.

"मानाचे आणि पाहिलेले, सगळे सांग" म्हटलं की संयोग. "मानाचेही आणि पाहिलेलेही" म्हटलं की छेद. सगळी करामत त्या 'ही'ची. म्हणून मी सांगतो, एकच घटक हातात धरा. दगडूशेठ मानाच्या पाचांत नाही, पण पाहिलेला आहे. म्हणजे संयोगात आला, छेदात नाही.

'नाही' आलं की आणखी जपावं लागतं. विश्वसंच, म्हणजे विचारात घेतलेल्या सगळ्या घटकांचा संच, पुण्यातले सगळे गणपती धरला, तर सारसबागेतला तळ्यातला गणपती म ∪ प च्या बाहेर राहतो, कारण तो मानाचाही नाही आणि तिने पाहिलेलाही नाही. पूरक म्हणजे संचाबाहेर उरलेले सगळे, त्याची खूण ′. पूरक घेताना संयोगाचा छेद होतो: (म ∪ प)′ = म′ ∩ प′. हा नियम डी मॉर्गन यांच्या नावाचा. त्यांचा जन्म १८०६ चा, मदुराईचा.

क्रम बदलला तरी संयोग आणि छेद तेच राहतात. मला खरं सुंदर वाटतं ते वितरण, म्हणजे एक क्रिया दुसरीच्या कंसात वाटून देणं. २ + (३ × ४) म्हणजे १४, पण (२ + ३) × (२ + ४) म्हणजे ३०. बेरीज गुणाकारावर वाटली जात नाही. संचांत मात्र संयोग छेदावर वाटता येतो आणि छेद संयोगावरही.

दुसऱ्या दिवशी भाची पुन्हा कसब्याला जाऊन आली आणि प मध्ये कसबा परत लिहायला लागली. लिहिता लिहिता तिनेच खोडलं. प ∪ प = प, घटक चारच.