ग्वाल्हेरला येताय? आधी संध्याकाळ ठरवा, मग दिवस

पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून आमच्याकडे गाडी, मुक्काम किंवा छोट्या कार्यक्रमाची व्यवस्था सांगणाऱ्या मंडळींसाठी हे पत्रक. दर वेगळ्या कागदावर आहेत. इथे फक्त गेल्या काही वर्षांत शहरात नवं काय उघडलं, कुठे किती वेळ लागतो आणि कार्यक्रम करायचा तर जागा कोणती, एवढंच.

बहुतेक चौकशा अशा येतात: “आग्र्याहून सकाळी निघू, किल्ला बघू, रात्रीच्या गाडीने परत.” करता येतं, आम्ही गाडी देतोही. पण ग्वाल्हेरमध्ये जे नवं आहे त्यातलं बरंचसं दिवे लागल्यावर सुरू होतं, आणि तुम्ही तेव्हा स्टेशनवर बसलेले असता. म्हणून निदान दोन रात्री ठेवा. कुठल्या संध्याकाळी कुठे असायचं हे आधी पक्कं करा, दिवसाचं त्याच्या मागे लावून घेऊ.

कोणत्या वारी यायचं

जयविलास महालाचं संग्रहालय बुधवारी बंद, गुजरी महालाचं सोमवारी बंद. गुरुवारी सकाळी उतरून शनिवारी परतलात तर एकही दार बंद सापडत नाही. सलग सुट्ट्या जोडून शनिवार ते सोमवार येणाऱ्यांनी गुजरी महाल रविवारीच उरकावा.

डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हा इथला सर्वांत रंगतदार काळ, आणि धुक्याचाही. पंजाब मेल, झेलम, गोवा एक्सप्रेस या आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्या. धुक्यात त्या तासन्‌तास मागे पडतात. पोहोचण्याच्या दिवशीच कार्यक्रम ठेवू नका. मे-जूनच्या उन्हात किल्ल्यावर दुपारी फिरायला आम्ही कुणालाच नेत नाही, पैसे दिलेत तरी. विमानाने येणाऱ्यांसाठी 10 मार्च 2024 रोजी महाराजपुऱ्याला राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळाची नवी इमारत सुरू झाली. प्रशस्त आहे, व्हीलचेअरवाल्यांची पूर्वीइतकी अडचण होत नाही. धावपट्टी मात्र हवाई दलाची, तेव्हा उतरल्याबरोबर मोबाईल उगारू नका. उड्डाणांचं वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, तिकीट काढण्याआधी आम्हाला एक फोन करा.

जयविलास: तीन तास, त्याहून कमी नाही

1874 मध्ये जयाजीराव शिंद्यांनी बांधून घेतलेला हा महाल तसा सगळ्यांना ठाऊक असतो. दरबार हॉलमधली दोन झुंबरं, प्रत्येकी साडेतीन टनांची. छत पेलेल का हे पाहायला आधी वर हत्ती चढवले होते, असं इथला प्रत्येक गाईड सांगतो. ऐकायला गंमत आहे, ऐका. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी लहान मुलांना दाखवाच: रुळांवरून पाहुण्यांपुढे फिरायची, आणि तिच्यातली सुरई कुणी उचलली की जागीच थांबायची.

नवं आहे ते मराठा दालन, ‘गाथा स्वराज की’. 16 ऑक्टोबर 2022 रोजी ते खुलं झालं. छत्रपती शिवाजी महाराजांपासून पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड अशी मराठ्यांच्या उत्तरेतल्या पसाऱ्याची सगळी गोष्ट एका जागी आहे. महाराष्ट्रातून आलेली माणसं इथे जितकी रेंगाळतात तितकी झुंबरांखालीही रेंगाळत नाहीत. पानिपतानंतर महादजींनी दिल्लीत बस्तान कसं बसवलं, हे शाळेत दोन ओळींत आटोपलेलं असतं. म्हणून आम्ही जयविलास सकाळच्या घाईत घालत नाही. दुपारचं जेवण उरकून जा, आणि बाहेर पडलात की जवळच बैजाताल आहे.

बैजाताल म्हणजे मोतीमहालापाशी असलेला शिंद्यांच्या काळातला तलाव, बायजाबाईंच्या नावाचा. त्यात तरंगता रंगमंच आहे. काठाच्या पायऱ्यांवर बसायचं आणि पाण्यातल्या मंचावरचं गाणं ऐकायचं. रोज कार्यक्रम असतोच असं नाही. तुमच्या तारखांना काय आहे ते आम्ही विचारून ठेवतो. काही नसलं तरी संध्याकाळी तिथे तासभर बसणं वाया जात नाही.

किल्ला दोनदा चढा

ऐकायला विचित्र वाटेल, पण आमचा सल्ला हाच. एकदा सकाळी, एकदा रात्री.

सकाळी गाडी उरवाई दरवाजाने वर जाते. वाटेत कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती लागतात, तिथे दहा मिनिटं थांबतोच. वर तेली का मंदिर, सास-बहूची देवळं आणि शेवटी मानमंदिर हा महाल. बहुतेक टूरवाले इथून त्याच रस्त्याने गाडीत बसवून खाली आणतात. तसं करू नका. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी हाथी पोलमधून ग्वाल्हेर दरवाजाच्या बाजूने पायी उतरावं. चढ कुणी करत नाही, उतार सोपा आहे, फक्त चपलेऐवजी बूट घाला, फरशी गुळगुळीत आहे.

या उताराच्या वाटेवर एका दगडात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. इतकं छोटं की बोलत बोलत पुढे निघून जाल. आतल्या शिलालेखात इसवी सन 876 च्या सुमाराचा मजकूर आहे: देवळाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन, लांबी 270 हात, रुंदी 187 हात, आणि रोज देवाला फुलांच्या 50 माळा. त्या 270 मधलं आणि 50 मधलं शून्य अगदी आपण आज काढतो तसं, छोटंसं गोल. आकड्यांत लिहिलेल्या शून्याच्या जगातल्या जुन्या पुराव्यांमध्ये याची गणना होते. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते शोधायला लावा. अक्षरांपेक्षा लहान आहे, चटकन दिसत नाही. गाडीने खाली उतरणाऱ्याला हे देऊळ लागतच नाही, म्हणून हा आग्रह.

खाली उतरलात की गुजरी महाल, म्हणजे पुरातत्त्व संग्रहालय. ग्यारसपूरची शालभंजिका ही दगडी स्त्रीमूर्ती इथेच आहे. वेगळी जपून ठेवलेली असते, कर्मचाऱ्याला विचारून पाहावी लागते. गाडी तुम्हाला इथेच दारात मिळेल.

रात्री पुन्हा वर जायचं ते मानमंदिरापाशी होणाऱ्या प्रकाश-ध्वनी खेळासाठी. हिंदी खेळाला आवाज अमिताभ बच्चन यांचा. हिंदी आणि इंग्रजी असे दोन वेगळे खेळ असतात, वेळ ऋतूप्रमाणे मागेपुढे होते. बसायची जागा उघड्यावर आहे, थंडीत कानटोपी आणि शाल हवीच. आजी-आजोबांना दिवसभर हॉटेलवर विश्रांती देऊन फक्त या खेळाला आणलंत तरी चालेल; गाडी जवळपर्यंत जाते.

महाराज बाडा

लष्कर भागातला हा चौक आता मोकळा श्वास घेतो आहे. भोवतीच्या इमारती एकेका वेगळ्या शैलीत बांधलेल्या, रात्री त्यांच्यावर दिवे सोडलेले असतात. 2010 च्या आगीत होरपळलेलं व्हिक्टोरिया मार्केट पुन्हा उभं राहिलं आणि त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूविज्ञान संग्रहालय आलं; 15 डिसेंबर 2024 रोजी तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते ते सुरू झालं. खडक, खनिजं, जीवाश्म. दहावी-बारावीच्या मुलांना आवडतं, बाकीच्यांनी अर्धा तास ठेवावा. बाजूला गोरखी महालाच्या आवारात डिजिटल संग्रहालय आणि तारांगण आहे. शाळेच्या सहली आम्ही थेट इथूनच सुरू करतो.

पोटाचं म्हणाल तर सकाळी बेडई-जिलेबी, नया बाजारात बहादुराचे लाडू, थंडीत गजक. गजक परतीच्या दिवशीच घ्या, ताजी असते ती लगेच चुरते.

गाणं

31 ऑक्टोबर 2023 रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. आमच्या मते पाटी आता लागली, गाणं कधीचंच होतं. ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू-हस्सू खाँ इथले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली आणि विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य. भातखंड्यांच्या पद्धतीने शिकवणारं माधव संगीत महाविद्यालय 1918 पासूनचं.

तानसेन समारोह डिसेंबरात होतो, 2024 मध्ये त्याची शंभरावी आवृत्ती झाली. जागा हजिरा भागातली, सूफी संत मुहम्मद गौस आणि तानसेन यांच्या मकबऱ्यांचं आवार. प्रवेशाला पैसे नाहीत. बहुतेक पाहुणे रात्रीच्या सभेला येतात; आम्ही म्हणतो पहिल्या दिवशी सकाळी या. समाधीपाशी सनई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीची गाणी) आणि चादर. नाथपंथी बुवांची कीर्तनपरंपरा आणि सूफी दर्गा एकाच सकाळी, तेही तासा-दोन तासांत, दुसरीकडे ऐकायला मिळणं अवघड. एक सभा तानसेनांच्या बेहट गावी होते. तिथे जायचं तर गाडी आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. समारोहाव्यतिरिक्त येणाऱ्यांना आम्ही जिवाजीगंजातल्या सरोद घरात नेतो. उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरातलं वाद्यांचं संग्रहालय.

व्यापार मेळा ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केला. साधारण डिसेंबरअखेर लागतो आणि पुढे बरेच दिवस चालतो. पाळणे, कपडा, गाड्या, आणि ताटाएवढा पापड. रविवारी जाऊ नका, गर्दीत मुलं सुटतात.

क्रिकेट

24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिनने रूपसिंह मैदानावर नाबाद 200 केले. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक. त्यानंतर शहरात आंतरराष्ट्रीय सामनाच नव्हता. शंकरपूरचं नवं माधवराव सिंधिया स्टेडियम झाल्यावर 6 ऑक्टोबर 2024 रोजी भारत-बांगलादेश टी-20 तिथे खेळला गेला. स्टेडियम शहराबाहेर आहे, सामना सुटल्यावर रिक्षा मिळत नाही. सामन्याचं तिकीट हाती आलं की लगेच परतीची गाडीही सांगा.

तुमचा कार्यक्रम असेल तर

भजनी मंडळाचा दौरा, नाटकाचा प्रयोग, पंचाहत्तरी, कंपनीची बैठक: यासाठी जागा आहेत, पण जागा आणि कार्यक्रम जुळायला हवेत. मराठी नाटक किंवा गाण्याची बैठक असेल तर आमची पहिली पसंती दालबाजारातलं नाट्यमंदिर. आर्टिस्ट कंबाइन या संस्थेची ही वास्तू, इथल्या मराठी रंगभूमीचं घर. प्रेक्षक जाणता मिळतो. अडचण एकच: बाजार अरुंद, मोठी बस आत येत नाही. सामान छोट्या गाडीने दुपारच्या आत उतरवून घ्यावं लागतं. मोठ्या परिषदेसाठी जिवाजी विद्यापीठाचं अटल सभागृह किंवा कृषी विद्यापीठाचं दत्तोपंत ठेंगडी सभागृह बरं. बस उभी राहते. संस्थांच्या स्वतःच्या कार्यक्रमांना आधी तारीख दिली जाते, म्हणून तुम्ही पर्यायी तारीखही कळवा.

“किल्ल्यावर मुलीचं संगीत करता येईल का?” हा प्रश्न हल्ली फार येतो. संरक्षित स्मारकात पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय कार्यक्रम होत नाही, आणि घरगुती समारंभासाठी आम्ही तो मार्ग सुचवत नाही. किल्ला दिसेल अशा हॉटेलची गच्ची किंवा मॅरेज गार्डन घ्या. लग्नसराईत ही गार्डनं आधीच भरलेली असतात. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. बँडवाला काहीही सांगो, आम्ही वेळेला वायर काढतो.

एखादा दिवस जास्त असेल तर

बटेश्वर, पढावली आणि मितावली ही जुन्या देवळांची ठिकाणं एका दिवसात होतात. बटेश्वरला ढासळलेली शेकडो दगडांची रास पुरातत्त्व खात्याने जुळवून देवळं पुन्हा उभी केली आहेत. सकाळी लवकर निघा, वाटेत सावली कमी. कुनो राष्ट्रीय उद्यानात 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाचे चित्ते आले. पण अंतर लांब, मुक्कामाशिवाय जाऊ नये, आणि चित्ता दिसेलच असं आम्ही कुणालाही लिहून देत नाही. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान मार्च 2025 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथल्या शिंद्यांच्या छत्र्याही त्याच फेरीत होतात.

आरक्षण करताना चार गोष्टी कळवा: येण्याची गाडी किंवा विमान, साठीच्या पुढचे किती जण, पायी उतरणारे किती, आणि कोणती संध्याकाळ कशासाठी राखायची. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर फूल वाहायचं असेल तर तेही सांगा; फूलबागेजवळच आहे, कोणत्याही दिवशी वाटेत बसवता येतं. 17-18 जूनला तिथे बलिदान मेळा असतो, त्या दोन दिवसांत गाडी थोडी लांब उभी करावी लागेल.