आमची यादी तक्रारींनी वाढली
(नव्या-जुन्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पहिल्यांदा येणारा ग्राहक आवारात एक फेरी मारतो आणि विचारतो, "तुम्ही पाइपवाले ना? मग ही झाकणं, जाळ्या, चेंबर, ब्लॉक कशाला?" कोणी तरी तक्रार घेऊन आलं, म्हणून. आमच्या यादीतली बहुतेक प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी तुंबलेल्या किंवा फुटलेल्या लाइनीतून आलेली आहे. ते किस्से इथे देतोय, कारण त्यातच माल कसा निवडायचा आणि कसा बसवायचा हेही येतं.

आजोबांनी सुरुवात केली ती सिमेंटच्या पाइपांनी. लोखंडी साचा गरगर फिरवायचा, आतलं काँक्रीट त्या वेगाने भिंतीला घट्ट बसतं. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूम यांनी १९१० साली काढली. 'ह्यूम पाइप' हे नाव तिथून आलं. पहिली तक्रार तेव्हाचीच. मागणी जोरात होती, आजोबांनी पुरतं पाणी न मारलेला माल गाडीत चढवला आणि उतरवतानाच चार पाइप तडकले. काँक्रीट दिसायला दुसऱ्या दिवशीच टणक होतं, पण त्याची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने मोजतात, आणि तीही ओल टिकली तरच. तेव्हापासून प्रत्येक पाइपावर ओतल्याची तारीख रंगवलेली असते. ती बघूनच माल उचला. तारीख नसेल तर आमच्या माणसाला हटकून विचारा, राग येणार नाही.

सांधा

दुसरी तक्रार जास्त महागात पडली. पाइप धड, पण सांध्यांतून पाणी झिरपतंय. त्या काळी सांधे सिमेंट-वाळूच्या मालाने भरायचे. जमीन थोडी जरी बसली की तो माल चिरतो, फटीतून झाडाची मुळं आत शिरतात आणि वर्षा-दोन वर्षांत आत झुडूप होतं. बाबांनी रबर रिंगचे सांधे आणायचं ठरवलं. म्हणजे साचे नवे आणि आवारात पडलेला जुना माल भंगार. घरात बरेच दिवस अबोला होता, असं आत्या सांगते. पण रबर रिंगचा सांधा थोडा हलला तरी गळत नाही, हे पुढे आजोबांनीही मान्य केलं.

रिंग बसवताना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं घट्ट पाणी पुरतं. पीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, पाइप असेल तर टोक सॉकेटमध्ये (दुसऱ्या पाइपाच्या रुंद तोंडात) पूर्ण ढकला, खूण करा आणि साधारण १० मिमी मागे ओढा. सहा मीटरचा पाइप तापमान ३० अंशांनी वाढलं की जवळजवळ १२ मिमी लांबतो. त्याला जागा ठेवली नाही तर तो स्वतःच जागा करून घेतो, आणि ती बहुधा वाकून.

प्लॅस्टिक कसं आलं

मैलापाण्याच्या एका जुन्या लाइनीतला आमचाच सिमेंट पाइप उकरून काढला, तेव्हा बाबा चक्रावले. तळ शाबूत आणि वरचा घुमट खाल्लेला! पाणी तर तळाशी वाहतं. झालं होतं असं की, साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तो वरच्या ओलसर भिंतीवर चढतो आणि तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात. सिमेंटला ॲसिडचं वावडं. म्हणून मैलापाण्याला पीव्हीसी, एचडीपीई (हेही प्लॅस्टिकच) किंवा भट्टीत भाजलेले, आतून झिलई दिलेले स्टोनवेअर पाइप बरे, आणि पावसाच्या पाण्याला सिमेंट चांगलंच. आजोबा शेवटपर्यंत प्लॅस्टिकच्या पाइपाला 'नळी' म्हणायचे.

नळी घेतली, तर तिच्या तक्रारी वेगळ्या. "तुमचा पाइप चपटा झाला." जाऊन बघितलं तर चरात खाली दगड, वर विटांचे तुकडे आणि त्यावरून गेलेला डंपर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सिमेंटचा पाइप ओझं स्वतःच्या भिंतीवर पेलतो. प्लॅस्टिकचा पाइप थोडा दबतो, बाजूच्या मातीला रेटतो आणि ती माती त्याला उलटा आधार देते. अमेरिकेत आयोवामध्ये मार्स्टन यांनी १९१३ साली पुरलेल्या पाइपावरच्या ओझ्याचं गणित मांडलं आणि त्यांचे विद्यार्थी स्पँग्लर यांनी १९४१ मध्ये लवचिक पाइपांचा हिशेब दिला. तेव्हापासून हे माहीत आहे. थोडक्यात, आम्ही विकतो तो अर्धा पाइप. उरलेला अर्धा तुम्ही चरात बांधता.

म्हणून खाली १०० ते १५० मिमी वाळू किंवा बारीक खडी, दोन्ही बाजूंनी तीच थराथराने भरून पायाने दाबलेली, आणि पाइपाच्या माथ्यावर निदान ३०० मिमी भराव झाल्याशिवाय जड धुम्मस नाही. एसएन ४, एसएन ८ हे आकडे पाइपाचा कडकपणा सांगतात. मोठा आकडा जास्त कडक. पण भराव वाईट असेल तर एसएन ८ सुद्धा वाचवत नाही.

उतार आणि व्यास

याबद्दल जितके फोन येतात तितके बाकी सगळ्याबद्दल मिळूनही येत नाहीत. १०० मिमी पाइपाला ४० ला १, म्हणजे मीटरमागे २५ मिमी उतार. १५० मिमीला ६० ला १, म्हणजे मीटरमागे सुमारे १७ मिमी. हा प्लंबरांचा जुना ठोकताळा आहे आणि घरगुती कामाला पुरतो. हेतू एवढाच की पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ ते ०.७५ मीटरच्या खाली जाऊ नये, म्हणजे गाळ बसत नाही. उतार डोळ्याने मोजू नका; पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून किंवा लेव्हल मशिनने मोजा.

उतार मिळत नाही म्हणून फार मोठा पाइप टाकणं ही नेहमीची चूक. मोठ्या पाइपात थोडं पाणी पसरून चालतं, खोली राहत नाही, आणि मैला मागे उरतो. मोठा पाइप घ्यायचा तो पाणी खरंच जास्त असेल तेव्हा, आणि मग त्याचा फायदा दांडगा आहे: त्याच उतारावर व्यास दुप्पट केला की वाहण्याची क्षमता सहापटीहून जास्त होते.

पावसाचा हिशेब त्याहून सोपा. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या छतावर तासाला ५० मिमी पडला तर ५,००० लिटर. हे पाणी मैल्याच्या लाइनीत सोडू नका. जोराच्या पावसात तेच घरातल्या ट्रॅपमधून (पाइपाच्या पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या भागातून) उलटं येतं. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाण्याचं बूच असतं, ते वास अडवतं. उलट्या लोंढ्यापुढे त्याचं काही चालत नाही.

चेंबर, झाकणं आणि बाकीचं

चेंबर आम्ही बनवायला लागलो कारण जागेवर विटांनी बांधलेली चेंबरं गळायची आणि त्यांचा तळ सपाट असायचा. तळाला पाइपाच्या आकाराची पन्हळ हवी, नाही तर प्रत्येक चेंबर म्हणजे गाळाची टाकी. आमच्या तयार चेंबरमध्ये ती साच्यातच येते.

मग झाकणं. अंगणातलं झाकण कुणी तरी रस्त्यावर बसवलं आणि ट्रकचं चाक आत गेलं. युरोपातल्या ईएन १२४ मानकात झाकणांचे वर्ग चाचणीत पेलायच्या भारावरून आहेत: ए १५ चालणाऱ्यांसाठी, बी १२५ फुटपाथ आणि मोटारींच्या पार्किंगसाठी, सी २५० रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यासाठी, डी ४०० वाहत्या रस्त्यासाठी, आकडे किलोन्यूटनमध्ये (१० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन). शंका असेल तर वरचा वर्ग घ्या. असं सांगताना आमचा फायदा दिसतो हे कळतं, पण फुटलेलं झाकण बदलायचा खर्च आम्ही पाहिलेला आहे.

जाळीचे चॅनेल आणि पाणी झिरपू देणारे ब्लॉक त्यानंतर आले. ते माझ्या चुलत बहिणीचं खातं, तिलाच विचारलेलं बरं.

कारखाना याहून झपाट्याने वाढला असता असं काही जण म्हणतात. एका साच्याचं कर्ज फिटल्याशिवाय दुसरा साचा नाही, हा बाबांचा नियम आम्ही भावंडांनी मोडलेला नाही. त्यामुळे काही मापं आमच्याकडे नाहीत. दाबाखालच्या पिण्याच्या पाण्याचे पाइपही आम्ही बनवत नाही. आमचा पाइप उतारावर आपोआप वाहणाऱ्या पाण्यासाठी आहे, त्याला पंप जोडू नका.

येताना जागेचा हाताने काढलेला आराखडा आणा. त्यावर लाइनीची लांबी, सुरुवातीची आणि शेवटची खोली, वरून कोणती वाहनं जाणार आणि पाणी मैल्याचं की पावसाचं, एवढं लिहिलेलं असलं की पुरे. गवंडी किंवा प्लंबर सोबत आला तर उत्तमच. रिंग कशी बसवायची ते त्याला आवारातच करून दाखवू.