गृहशिक्षण

शालेय वयाच्या मुलाला नियमित शाळेत न घालता त्याचे शिक्षण पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर चालवण्याची पद्धती. शहरी मराठी कुटुंबांत ‘होमस्कूलिंग’ हाच शब्द रूढ आहे. शाळेव्यतिरिक्तची शिकवणी किंवा टाळेबंदीतील ऑनलाइन वर्ग यात येत नाहीत. तेथे अभ्यासक्रम आणि मूल्यमापन शाळेच्याच हाती असते.

या पद्धतीचे मूळ काही पुरस्कर्ते गुरुकुलात शोधतात. ते पटण्यासारखे नाही, कारण गुरुकुलात मूल घर सोडून जात असे. मद्रास इलाख्यात १८२२ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक पाहणीत मद्रास शहरातील घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या शाळेत जाणाऱ्यांच्या सुमारे पाचपट दाखवली होती. गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२६ च्या टिपणात या आकड्याबद्दल शंका व्यक्त केली. इतिहास-अभ्यासक धरमपाल यांनी १९८३ मध्ये ही कागदपत्रे प्रसिद्ध केल्यावर वाद पुन्हा उभा राहिला. आकडा फुगलेला मानला, तरी त्या शहरात घरी शिकणे अगदी विरळ नसावे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२). त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. घरकामाच्या रगाड्यातून दिवसा सवड मिळत नसे, म्हणून आई पहाटे झोपाळलेल्या मुलीला मायेने उठवून पाठ देई. पुस्तक हाती नसे, सारे तोंडी चाले. स्त्रीशिक्षणाची पुष्कळशी सुरुवात अशी घरातच झाली, ही गोष्ट शाळांच्या इतिहासात झाकली जाते.

आधुनिक चळवळीला अमेरिकेत शिक्षणविषयक लेखक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाने चालना दिली. जर्मनीत मात्र शाळेत जाणे सक्तीचे आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती विवाद्य आहे. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ मध्ये सक्तीच्या हजेरीला अपवाद होते. मूल अन्य समाधानकारक रीतीने शिकत असणे हा त्यांपैकी एक. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) यात असा अपवाद नाही. त्याचे कलम १० बालकाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवते; पण कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला त्या अधिनियमात शिक्षा नाही. संविधानातील अनुच्छेद ५१ क (ट), जो २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आला, ६ ते १४ वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यावी एवढेच सांगतो. त्यात शाळेचा उल्लेख नाही. केंद्र सरकारने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातील प्रतिज्ञापत्रात, स्वेच्छेने हा मार्ग धरणाऱ्या पालकांच्या आड कायदा येत नाही, अशी भूमिका घेतली. अनुच्छेद आणि शिक्षेचा अभाव एकत्र वाचता हेच मत अधिक सयुक्तिक दिसते. तथापि प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे, आणि पालकांची टांगती अवस्था संपवायची तर १९४७ सारखा स्पष्ट अपवाद हवा.

समर्थनाचा गाभा जबाबदारीचा आहे. शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा अग्रहक्क मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने (१९४८) अनुच्छेद २६ मध्ये पालकांना दिला आहे. फी भरली, रिक्षा लावून दिली, की पालकाचे काम संपत नाही. शाळा त्याची मदतनीस आहे, जागा घेणारी नव्हे. परंतु हक्क अखेर मुलाचा. ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर जाणारे किंवा धाकट्या भावंडासाठी घरी ठेवलेले मूल ‘घरी शिकते’ म्हणून नोंदले गेले, तर तो अन्यायच. म्हणून साधी नोंदणी आणि अधूनमधून पडताळणी पालकांनी मान्य करावी.

परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (स्थापना १९८९) हा प्रचलित मार्ग असून तिच्या दहावीसाठी किमान वय १४ वर्षे आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये राज्य मुक्त विद्यालय मंडळ स्थापले. त्यात पाचवी आणि आठवीच्या स्तरांचीही सोय आहे. राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसण्यासाठी ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरतात. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची गाडी तिथेच अडते.