कापेल केलिन : स्मृतिचॅपेल

वेल्समध्ये बाला शहराच्या वायव्येस, ल्लिन केलिन जलाशयाच्या काठी असलेली छोटी दगडी स्मारकवास्तू. वेल्श भाषेत तिला ‘कापेल कोफा’ म्हणजे स्मृतिचॅपेल (चॅपेल : छोटे ख्रिस्ती प्रार्थनागृह) म्हणतात. इंग्लंडमधील लिव्हरपूल व परिसराच्या पाण्यासाठी त्रवेरिन नदी अडवल्याने १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्शभाषक खेडे बुडाले. चॅपेल, शाळा, टपाल कार्यालय आणि शेतघरे गेली. खोऱ्यातील ६७ पैकी ४८ जणांना घर सोडावे लागले. लिव्हरपूल महापालिकेने १९५७ मध्ये संसदेतून खासगी विधेयक (एखाद्या संस्थेच्या मागणीवरून तिच्यापुरते केलेले) संमत करून घेतल्याने वेल्समधील स्थानिक संस्थांच्या परवानगीचा प्रश्नच उरला नाही. ३६ पैकी ३५ वेल्श खासदार विरोधात होते, असे म्हणण्याची रूढी आहे. मात्र विरोध दर्शवणे आणि प्रत्यक्ष मत टाकणे यांत फरक असल्याने, विधेयकाच्या बाजूने एकाही वेल्श खासदाराने मत दिले नाही, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित.

‘केलिन’चा शब्दशः अर्थ ‘हॉली’ हे काटेरी पानांचे झाड. तथापि गावाचे नाव थेट झाडावरून पडले, की तेथील केलिन ओढ्यावरून, हे ठरवणे अवघड आहे. ओढ्याचा पक्ष अधिक संभाव्य वाटतो. ‘कापेल’ हा घटक तेथील मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) चॅपेलमुळे आला. जलाशयाच्या नावात तो गळला आणि स्मारकाने परत आणला.

स्मारकाचा आराखडा शिल्पकार आर. एल. गॅपर यांचा असून बांधकाम १९६७ चे आहे. जुन्या दफनभूमीतील मोजके मृतदेह नातेवाइकांच्या इच्छेने हलवण्यात आले, बाकीची जमीन काँक्रीटने झाकली गेली. तेथील स्मृतिशिला स्मारकालगतच्या बागेत लावल्या आहेत.

पांगलेल्या समाजाला एकत्र आणण्याचे काम दुसऱ्या एका भिंतीने अधिक केले. पश्चिम वेल्समधील ल्लानरिस्टिड गावाजवळच्या पडक्या घराच्या भिंतीवर लेखक माइक स्टीव्हन्स यांनी, बहुधा १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, ‘त्रवेरिन विसरू नका’ अशा अर्थाचे वाक्य रंगवले. मूळ लेखनात ‘त्रवेरिन’ असेच होते. ‘कोव्युख’ (आठवण ठेवा) या आज्ञार्थी क्रियापदानंतर कर्माच्या आरंभीचा ‘त’ मृदू होऊन ‘द’ व्हावा, हा वेल्श व्याकरणाचा नियम. पुढे रंगवताना तो पाळून ‘कोव्युख द्रवेरिन’ झाले. २०१९ मध्ये भिंतीची मोडतोड झाल्यावर हेच शब्द वेल्सभर अनेक भिंतींवर उमटले. लिव्हरपूल नगर परिषदेने २००५ मध्ये माफी मागितली होती.