रिसायझिंग डाय (रायफलचे काडतूस)

रिसायझिंग डाय म्हणजे झाडलेल्या काडतुसाची फुगलेली पितळी केस दाबून पुन्हा मापात आणणारा कडक पोलादी साचा. बार उडताना केस फुगून चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या जागेला) चिकटते आणि दाब ओसरल्यावर थोडीच आकसते. प्रेसचे हँडल ओढले की ती डायमध्ये शिरते, पिन जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) पाडते आणि केस बाहेर येताना एक्सपांडर बॉल (डायमधला गोलक) मानेचे, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाचे, आतले माप ठरवतो.

.२२ रिमफायर आणि एअर रायफलवाल्यांचा याच्याशी संबंध नाही, कारण त्यांच्याकडे पुन्हा भरायची केसच नसते. बाकीच्यांनी आधी कायदा पाहावा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय उत्पादन करता येत नाही. त्यामुळे वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या टूलरूममध्ये ‘एक पीस काढून दे’ असे सांगण्यासारखा हा जॉब नव्हे. ठाणे आणि नवी मुंबईची पोलीस आयुक्तालये वेगळी आहेत. चौकशी आपल्या हद्दीतल्या शस्त्र परवाना विभागात करावी.

निवड रायफलवरून होते, किमतीवरून नाही. फुल-लेंग्थ डाय मान, खांदा (मानेखालचा उतार) आणि अंग तिन्ही दाबते. ऑटो-लोडिंग रायफलला किंवा एकच केस दोन रायफलींत वापरायची असल्यास तीच घ्यावी. नेक डाय फक्त मान दाबते. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये ती काही फेऱ्या छान चालते, मग बोल्ट जड लागू लागतो आणि खांदा मागे घ्यावाच लागतो. म्हणून पहिली डाय फुल-लेंग्थच असावी. बुशिंग डायमध्ये बुशिंग (मान दाबणारी सुटी कडी) बदलून मानेचे माप बदलता येते: भरलेल्या काडतुसाच्या मानेच्या बाहेरच्या व्यासापेक्षा साधारण ०.००२ इंच लहान बुशिंग घ्यायचे.

खरी मेख बसवण्यात आहे. खांदा ०.००१ ते ०.००२ इंचच मागे जावा. डायचा आटा सहसा ७/८ इंच, १४ टीपीआय (इंचाला १४ आटे) असतो. म्हणजे एक पूर्ण फेरा १.८१ मिमी आणि ०.००२ इंचासाठी जेमतेम १० अंश. घड्याळाच्या तबकडीवर हे दोन मिनिटेही भरत नाही. म्हणून डाय शेल-होल्डरला (केसचे बूड धरणाऱ्या भागाला) टेकवून ‘अजून पाव फेरा’ हा सरधोपट नियम आंधळेपणाने लावू नये. आधी न दाबलेली केस कंपॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर मोजणाऱ्या साधनाने) मोजावी, मग थोडे थोडे उतरावे. प्रेसटूलवाल्यांना ठाऊक असलेला स्प्रिंगबॅक (दाब सुटताच धातू परत उसळणे) इथेही छळतो: वारंवार झाडून कडक झालेले पितळ डायमधून सुटताच जास्त उसळते आणि त्याच सेटिंगवर खांदा कमी बसतो. मान व खांदा अ‍ॅनील केल्यावर (तापवून मऊ केल्यावर) मापे पुन्हा एकसारखी येतात. बुडाला मात्र उष्णता लागू द्यायची नाही.

.३१५ सारख्या रिमवाल्या (बुडाला बाहेर आलेली कड असलेल्या) काडतुसात वेगळीच फसगत होते. हेडस्पेस (बोल्ट आणि केस टेकण्याची जागा यांतले अंतर) रिमवर ठरतो, त्यामुळे खांदा कितीही मागे गेला तरी बोल्ट सहज लागतो. पण प्रत्येक बाराला केस तेवढी ताणली जाते आणि बुडाच्या वर भिंत पातळ होते. बाहेरून तिथे चकचकीत कडे दिसते. वाकवलेल्या तारेचे टोक आतून फिरवल्यावर खाचेत अडकले, तर केस भंगारात टाकावी. पुढच्या बाराला ती तिथूनच तुटू शकते. आत टॉर्च मारून फ्लॅश-होलही (प्रायमरची आग दारूपर्यंत नेणारे भोक) पाहावे: बर्डन पद्धतीची दोन बारीक भोके असतील तर डिकॅपिंग पिन (प्रायमर पाडणारी पिन) मोडते.

वंगण विसरले तर केस डायमध्ये घट्ट बसते. जोर लावला की रिम फाटते आणि मग बुडाला भोक पाडून, आटे काढून बोल्टने ओढण्याची वेळ येते. वंगण जास्त झाले तर अडकलेले तेल खांद्यावर खळगा पाडते. रायफलच्या कार्बाइड डायलाही वंगण लागतेच.

ठाण्याच्या पावसाळ्यात डाय उघडी ठेवू नये. गंजाचा एक ठिपका पुढच्या प्रत्येक केसवर उभी रेघ ओढतो. वंगण पुसून, तेलाचा पातळ हात देऊन ती सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवावी. वापरण्याआधी आतले तेल पुसून काढावे, नाहीतर पहिल्याच केसवर खळगा पडतो.