कार्पेटपायी डिपॉझिट अडकलंय? इंग्लंडमध्ये डिस्प्यूट कसा टाकायचा

भाड्याचं घर सोडलं की काही दिवसांत एजंटचा मेल येतो, कार्पेट खराब झालंय, नवीन टाकायला लागेल, एवढे पाउंड कापतोय. आपली बरीच मंडळी कटकट नको म्हणून "ओके" लिहून मोकळी होतात आणि तिथेच घोळ होतो, कारण एकदा लेखी हो म्हटलं की पुढे भांडायला फारसं काही उरत नाही. उत्तरात एवढंच लिहा की ही कपात मान्य नाही, कार्पेट कधी टाकलं होतं आणि त्याची पावती दाखवा. जेवढ्या रकमेवर वाद नाही तेवढी आधी परत मागा, ती घेतल्याने बाकीचा हक्क जात नाही.

आता डिस्प्यूट, म्हणजे डिपॉझिट स्कीमकडे कपातीविरुद्धची तक्रार, कोणाला टाकता येतो? खाजगी घरमालकाने घेतलेलं डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवणं बंधनकारक आहे, स्कीम तीनच, डीपीएस (डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस), मायडिपॉझिट्स आणि टीडीएस (टेनन्सी डिपॉझिट स्कीम, आपला टॅक्सवाला टीडीएस नव्हे). तुमचं कुठे आहे ते तिन्हींच्या वेबसाइटवर शोधता येतं. कुठेच सापडलं नाही तर मामला कोर्टाचा, पण तिथे मालकाला डिपॉझिटच्या १ ते ३ पट दंड होऊ शकतो, त्यामुळे नुसतं विचारलं तरी बरेच मालक नरमतात. मालकाच्याच घरात खोली घेऊन राहत असाल तर मात्र हा नियम लागू नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा. "१० दिवसांत पैसे परत" हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, पण ते १० दिवस किल्ल्या दिल्यापासून नाही, दोघांचं रकमेवर एकमत झाल्यापासून मोजतात. आणि डिस्प्यूट टाकायची मुदत साधारण ३ महिने, ती भाडेकरार संपल्यापासून, एजंटच्या शेवटच्या मेलपासून नाही. एजंट "मालकाशी बोलतो, बघतो" करत आठवडे काढतो आणि आपण सभ्यपणे वाट बघत बसतो! तसं करू नका.

कागदांमध्ये चेक-इन इन्व्हेंटरी हा राजा. आत राहायला आलात तेव्हा कार्पेट कसं होतं याची नोंद. ती बहुतेकांकडे नसते आणि मग लोक रडकुंडीला येतात, पण जरा थांबा, सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे. पैसे तुमचेच धरले जातात. त्याच्याकडेही तुमच्या सहीची इन्व्हेंटरी नसेल तर डाग आधीचा नव्हता हे तो दाखवणार कसं? तुमच्याकडे तारखेसकट फोटो, दुरुस्तीबद्दलचे जुने मेल, क्लीनिंग केलं असेल तर पावती, जे असेल ते जोडा. प्रोफेशनल क्लीनिंगचीच सक्ती करणं २०१९ च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनंतर चालत नाही, पण कार्पेट मिळालं तेवढं स्वच्छ परत द्यावं लागतं.

आता पैशाचं गणित. दारापाशी, सोफ्यासमोर कार्पेट चपटं झालं, रंग उडाला, ही वापराची झीज, तिचे पैसे लागत नाहीत. इस्त्रीने जळलं तर ते नुकसान, ते तुमचंच. पण तरी नव्याची पूर्ण किंमत नाही. समजा कार्पेट ४०० पाउंडांचं, आयुष्य १० वर्षं धरलं आणि तुम्ही निघालात तेव्हा ते ७ वर्षांचं होतं, तर उरलेल्या ३ वर्षांचे १२० पाउंड फार तर. जुन्याच्या जागी नवंकोरं भाडेकरूच्या पैशाने घेता येत नाही, हे एजंटला चांगलं माहीत असतं, तरी ४०० मागून बघतात.

बाकी फॉर्म ऑनलाइन, फुकट, अर्ध्या तासाचं काम. मालकाचीही संमती लागते, तो नाही म्हणाला तर कोर्ट. अ‍ॅडज्युडिकेटर, म्हणजे स्कीमतर्फे निवाडा करणारा, घर बघायला येत नाही, फोनही करत नाही, फक्त अपलोड केलेलं वाचतो, आणि मुदतीनंतर नवीन पुरावा सहसा घेतला जात नाही. निर्णय स्कीमपुरता अंतिम असतो, अपील नाही.

ग्रुपने घर घेतलेल्या विद्यार्थ्यांनो, डिपॉझिट लीड टेनंटच्या (सगळ्यांच्या वतीने व्यवहार बघणाऱ्या भाडेकरूच्या) नावावर असेल तर बऱ्याचदा डिस्प्यूट त्यानेच टाकावा लागतो. तो भारतात परत जायच्या आधी त्याला गाठा, आणि स्कीमकडे युनिव्हर्सिटीचा मेल दिला असेल तर तो बंद व्हायच्या आत बदलून घ्या.