वीरगळ की गद्धेगाळ? आधी दगडाच्या पायाशी बघा

देवळाच्या आवारात, पाराखाली किंवा वेशीवर एखादा उभा कोरीव दगड असतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्ये कलश, खाली झिजलेलं काहीतरी. गावात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "आमचा वीर आहे तो." हल्ली अशा दगडाचा फोटो कुणी मोबाइलवर टाकला की खाली दहा जण 'वीरगळ' असं लिहून मोकळे होतात. पण त्यातले बरेच दगड वीराचे नसतात. ते गद्धेगाळ असतात, आणि या दोघांचा हेतू एकमेकांपासून फार लांबचा आहे.

माझी स्वतःची गल्लत कोकणातल्या एका गावात झाली. देवळाचा जीर्णोद्धार चालला होता, फरशी बसवण्यासाठी आवार खणत होते. पिंपळाखाली गुडघाभर उंचीचा एक दगड होता. त्यावर तेला-शेंदराचे थर चढलेले, पण चंद्रकोर आणि सूर्याचं वर्तुळ स्पष्ट. शेजारच्या घरातल्या एक आजी त्याला रोज जास्वंदीचं फूल वाहायच्या. मीही पाहिल्या पाहिल्या वहीत 'वीरगळ, वरचा भाग' असं लिहून टाकलं. दुपारी पोरांनी भोवतीची माती काढली, बादलीभर पाणी मारलं. आधी चार बारीक पाय दिसले. "घोडा! वीराचा घोडा!" एक जण ओरडला. मग लांब कान दिसले. मग त्या जनावराच्या खाली असलेली बाई दिसली, आणि खणणारे सगळे एकदम गप्प झाले.

आधी वीरगळ म्हणजे काय ते नीट बघू, कारण ते कळलं की दुसरा आपोआप वेगळा दिसायला लागतो.

वीरगळ हा शब्द कन्नडकडून आलेला. 'कल्लु' म्हणजे दगड, वीराचा दगड तो वीरगल्लु. लढता लढता पडलेल्या माणसासाठी तो उभा करायचे. दगडावर साधारण तीन किंवा चार कप्पे असतात आणि तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली वीर मरून पडलेला दिसतो. काही ठिकाणी तिथे गाई कोरलेल्या असतात, म्हणजे शत्रूने किंवा दरोडेखोरांनी गावचं गोधन वळवलं आणि ते सोडवताना हा माणूस गेला. ज्या काळी घरातली दुभती जनावरं हीच सगळी पुंजी होती, त्या काळी हे मरण राजाच्या लढाईतल्या मरणापेक्षा हलकं नव्हतं, आणि दगडही तसा भेद करत नाही. त्याच्या वरच्या कप्प्यात लढाई : ढाल, तलवार, धनुष्य, कधी घोडेस्वार. त्याच्याही वर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेताहेत. आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, बहुतेक वेळा शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य.

कर्नाटकातल्या वीरगळांवर एक श्लोक कोरलेला सापडतो :

जितेन लभ्यते लक्ष्मीर्मृतेनापि सुराङ्गना ।
क्षणविध्वंसिनी काया का चिन्ता मरणे रणे ॥

जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर अप्सरा. देह तर क्षणात नासणारा, मग रणात मरायची चिंता कसली? पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हा श्लोक लढायला जाणाऱ्याला चढवण्यासाठी आहे असं वाटलं होतं. आता वाटतं, तो मागे राहिलेल्यांसाठीही आहे. ज्यांच्या घरातला माणूस परत आला नाही त्यांना तो सांगतो की तुमचा माणूस खालच्या कप्प्यात नाही, वरच्या कप्प्यात आहे.

मुंबईकरांना हे सगळं बघायला लांब जायला नको. बोरिवलीच्या एकसरमध्ये वीरगळांची एक रांगच आहे. त्यातल्या काहींवर समुद्रातली लढाई कोरली आहे : ओळीने वल्ही बाहेर काढलेल्या नौका, त्यांवर उभे सैनिक. जहाजांची लढाई दाखवणारे वीरगळ फार थोडे, म्हणून एकसरचं मोल मोठं. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्या १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी लावतात. त्या युद्धात सोमेश्वर समुद्रात बुडाला असं यादवांच्या बाजूची नोंद सांगते. देशावर यायचं तर वाईजवळ किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ पाहावेत. एकापुढे एक उभे राहिलं की कळतं, प्रत्येक पाथरवटाने तीच गोष्ट सांगितली आहे, पण प्रत्येक वीराच्या कमरेची लचक आणि हाताची पकड वेगळी आहे. ओळखीचा माणूस कोरल्यासारखी.

हा मान फक्त माणसालाच मिळाला असंही नाही. कर्नाटकात मंड्याजवळच्या आतकूरला दहाव्या शतकातला एक दगड मिळाला, तो 'काळी' नावाच्या शिकारी कुत्र्याचा. रानडुकराशी झुंजताना दोघंही मेले. त्याच दगडावर तक्कोलमच्या लढाईची, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या विजयाची हकिगत आहे. राजाचा विजय आणि कुत्र्याचं मरण एकाच दगडावर! शौर्य हे शौर्यच, ते कुणाचं हा प्रश्न पुढचा, असं मानणारी माणसं होती ती.

आता गद्धेगाळ. काही जण गधेगळ असंही लिहितात, आणि गोंधळाचं निम्मं मूळ इथेच आहे, कारण मग दोन्ही शब्दांचं शेपूट एकसारखं दिसतं. पण वीरगळातला 'गळ' म्हणजे दगड, तर गद्धेगाळातला 'गाळ' म्हणजे शिवी, शाप, असा अर्थ सांगितला जातो. गाढवाची शिवी.

हा दगड कुणाच्या मरणाचा नाही, तो दानाचा आहे. राजाने, सामंताने किंवा प्रधानाने एखाद्या देवळाला, मठाला, ब्राह्मणाला जमीन, बाग किंवा गावचं उत्पन्न लावून दिलं की ती आज्ञा दगडावर कोरून त्या जागी उभी करत. वर चंद्र-सूर्य आणि कलश, मध्ये लेख, आणि तळाशी गाढव आणि स्त्री यांचं ते चित्र. हे दान जो कुणी मोडेल त्याच्या आईवर अशी वेळ येवो, असा त्याचा सरळ अर्थ. शिलाहारांच्या काळात, विशेषतः उत्तर कोकणात, असे दगड बरेच उभे राहिले, पुढेही काही शतकं राहत गेले.

परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा लेख शके ११०८ चा, म्हणजे ११८७ चा. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी भाषा बदलते आणि आपली मराठी येते : "अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी तेया श्रीवैद्यनाथ देवाची भाल सकुटुंबीआ पडे". जो कुणी हे शासन मोडील त्याच्यावर वैद्यनाथ देवाचा भाला कुटुंबासकट पडो. त्यापुढचं वाक्य गाढवाचं आहे, ते मी इथे देत नाही. पण भाषा का बदलली ते बघा. दान कुणी दिलं, कोणत्या वर्षी, किती दिलं, हे संस्कृतात चाललं. धमकी मात्र ज्याला द्यायची त्याला कळलीच पाहिजे, म्हणून ती लोकांच्या बोलीत. आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी खाली चित्र.

ताम्रपटांवर हाच धाक संस्कृतात असतो : स्वतः दिलेली किंवा दुसऱ्याने दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होऊन जन्मेल. दगडावरच्या चित्राने तेच दोन रेषांत सांगितलं.

त्या बाईबद्दल आणखी एक मत आहे आणि मला ते पटतं. ती स्त्री म्हणजे दान दिलेली भूमीही असू शकते. आपल्याकडे सर्वनाशाला आजही 'गाढवाचा नांगर फिरवणे' म्हणतात. आदिलशाहीत मुरार जगदेवाने पुणं बेचिराख केलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, ही हकिगत तर शाळेपासून आपल्या कानावर आहे. जिथे गाढवाचा नांगर फिरला ती जमीन उजाड झाली. दान मोडणाऱ्याची जमीन तशी होवो, हा अर्थ धरला तर चित्र अधिक जुन्या, शेतीच्या भाषेत बोलायला लागतं. तरी एक गोष्ट मला कायम खुपते. गुन्हा जमीन लाटणाऱ्या पुरुषाचा आणि दगडावर विटंबना बाईची. शतकानुशतकं पावसापाण्यात ती तशीच आहे. याला कलेचा नमुना म्हणून पुढे जाणं मला जमत नाही.

तर मग दोन्ही दगडांवर चंद्र-सूर्य का? खरी गंमत मला तिथेच वाटते. दोन्हीकडे चिन्ह एकच आहे : आचंद्रार्क, चंद्र-सूर्य आहेत तोवर. पण वीरगळावर ते माणसाच्या कीर्तीसाठी आहे. गावासाठी गेलेल्याची आठवण चंद्र-सूर्य आहेत तोवर राहो. गद्धेगाळावर ते आज्ञेसाठी आहे. दिलेलं दान चंद्र-सूर्य आहेत तोवर चालो. एका ठिकाणी पाहणाऱ्याने हात जोडावेत ही अपेक्षा, दुसऱ्या ठिकाणी त्याने हात आखडावा ही.

आणि नावाचं काय झालं? ज्यांनी जमीन दिली त्यांची नावं, बिरुदं, शकासकट आपल्याला आजही वाचता येतात. अपरादित्य साडेआठशे वर्षांनीही अपरादित्यच आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर मात्र एक अक्षर नाही. कर्नाटकात तसं नाही, तिथे लेख असलेले वीरगळ पुष्कळ. बंगळूरचं नाव ज्या जुन्या लेखात येतं तो बेगूरचा दगडही सुमारे ८९० चा वीरगळच आहे. आपल्याकडे पाथरवटाने नाव कोरलं नाही, कारण तेव्हा गावाला ते माहीत होतं. आई होती, भाऊ होते, ज्यांची गुरं सोडवली ते शेजारी होते. अक्षरांची गरज परक्याला असते. तीन-चार पिढ्यांनी ओळखणारे संपले आणि नाव गेलं. उरलं ते त्याने केलेलं काम, आणि गावाने दिलेलं 'वीर' हे एकच नाव. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घराण्यातल्या वीरांचे टाक, म्हणजे देव्हाऱ्यातल्या धातूच्या प्रतिमा, वाजतगाजत गोदावरीवर नेतात, नाचवतात. कित्येक घरांत त्या टाकावरचा पूर्वज नेमका कोण हे आज सांगता येत नाही. पण तो आपला आहे याबद्दल कुणाला शंका नसते, आणि दर वर्षी त्याला अंघोळ घडते.

प्रत्यक्ष जागेवर ओळखायचं तर वरचा भाग बघून निर्णय घेऊ नका, तो फसवणारच. बहुतेक दगड शतकानुशतकं मातीत रुतलेत, त्यामुळे नेमका फरक सांगणारा तळ झाकलेला असतो. आडवे कप्पे आणि त्यांत माणसं दिसली की वीरगळ. मध्ये सपाट, ओळी आखल्यासारखा भाग असेल, तर अक्षरं झिजलेली असली तरी गद्धेगाळाची शंका घ्यावी आणि तळ तपासावा. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. काही वेळा वीरगळावरच तो हात असतो, म्हणजे नवरा लढाईत आणि बायको चितेवर. शेंदूर असेल तर खरवडू नका, गावाची परवानगी असेल तेव्हाच मऊ कुंच्याने आणि साध्या पाण्याने माती धुवा. अक्षरांवर खडू किंवा रंग लावून फोटो काढायची सवय तर सोडाच. उन्हं तिरकी असताना, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, बाजूने पाहिलं तर झिजलेली रेघही दिसते.

त्या दिवशी पिंपळाखाली आम्ही गप्प उभे होतो तेव्हा आजींनी ओट्यावरून विचारलं, "काय निघालं रे?" कुणी बोलेना. दगड तिथून हलवून मागच्या बाजूला पालथा टाकू या, असं एक जण हळूच म्हणाला. शेवटी मीच त्यांच्याजवळ जाऊन बसलो. चित्राबद्दल जेवढं बोलता येईल तेवढं बोललो. म्हटलं, "आजी, हा वीर नाही. कुणा राजाने देवाला जमीन दिली होती, ती कुणी लाटू नये म्हणून शाप घालून ठेवलेला दगड आहे."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे देवाची जमीन राखायला उभा होता?"

"हो."

"मग राखणदारच की आमचा," त्या म्हणाल्या, आणि उठून फूल आणायला गेल्या.